माइट-प्रूफ खोळ: मुलाच्या गादीला काय चढवावं आणि काय दुकानातच सोडावं

निकाल आधीच सांगून टाकतो. डस्ट माइटची ॲलर्जी तपासणीत सिद्ध झालेल्या मुलासाठी पहिली खरेदी कुठली, तर गादी आणि उशी सहाही बाजूंनी बंद करणारी, घट्ट विणीच्या कापडाची, चेनवाली खोळ. व्हॅक्यूम क्लीनर, एअर प्युरिफायर, फवारे, अल्ट्राव्हायोलेट दिव्याची यंत्रं यांचा नंबर त्यानंतर, आणि त्यातल्या काहींचा कधीच नाही. अडचण अशी की ‘माइट-प्रूफ’ या एकाच नावाखाली चार अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि चारींच्या पाकिटावर दावे मात्र तेच असतात. त्यातली एक उत्तम, एक चालण्यासारखी, एक मुलाला घामाने हैराण करणारी, आणि एक काही महिन्यांत स्वतःच माइटना आसरा देणारी. म्हणून इथे कंपन्यांची तुलना न करता कापड, शिलाई आणि चेन यांचीच परीक्षा केली आहे. पाकिटावरचं नाव कुठलंही असो, हाती आलेली खोळ याच तीन गोष्टींवर तपासता येते.

खोळीने नेमकं अडवायचं काय? माइट हा कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव, लांबीला मिलिमीटरचा पाव भाग किंवा थोडा जास्त. तो चावत नाही. माणसाच्या अंगावरून झडलेले त्वचेचे कण खातो आणि पाणी पीत नाही. शरीराला लागणारा ओलावा तो थेट हवेतून शोषून घेतो. गादीत ऊब, घाम आणि त्वचेचे कण तिन्ही मिळतात, म्हणून घरातलं त्याचं सर्वात आवडतं ठिकाण तेच. घरातल्या धुळीमुळे होणाऱ्या ॲलर्जीचं मूळ हे माइट आहेत, असं नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये मांडलं. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या गोळ्यांनी. एक माइट दिवसाला सुमारे वीस गोळ्या टाकतो. प्रत्येक गोळी साधारण १० ते ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तिच्यात डेर पी १ नावाचं पचनाचं एन्झाइम असतं. नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे ते एन्झाइम सैल करतं, त्यामुळे ॲलर्जीचा पदार्थ आत शिरायला वाट मिळते. माइट मेला तरी या गोळ्या तशाच राहतात. पुढच्या सगळ्या शिफारशींच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: मारणं हे अर्धंच काम, उरलेली विष्ठा मुलाच्या नाकापर्यंत पोहोचू न देणं हे दुसरं अर्धं.

चांगली खोळ आणखी एक काम करते, त्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. ती त्वचेचे कण गादीत जाऊ देत नाही. आतल्या माइटना खाणं मिळेनासं होतं आणि त्यांची पैदास मंदावते.

खरेदीच्या आधी एक अट. ॲलर्जी माइटचीच आहे हे कळलेलं हवं. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, रात्री नाक बंद, तळहाताने नाक सतत वर चोळणं, अंथरूण झटकताना खोकला, या खुणा संशय घ्यायला पुरेशा आहेत. खात्री करायला नाहीत. त्वचेवर टोचून करायची प्रिक टेस्ट किंवा रक्तातली माइटविशिष्ट आयजीईची, म्हणजे ॲलर्जीत तयार होणाऱ्या प्रतिपिंडाची तपासणी करून घ्यावी. प्रिक टेस्टमध्ये नुसत्या द्रावाच्या जागेपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांधी उठली तर निकाल पॉझिटिव्ह धरतात. त्याआधी अँटिहिस्टामिन औषध साधारण आठवडाभर बंद ठेवावं लागतं, नाहीतर गांधी दबते आणि निकाल खोटा येतो. औषध कधी थांबवायचं हे डॉक्टरांना विचारूनच. अंगभर एक्झिमा, म्हणजे खाजरा त्वचारोग असेल तर टोचायला स्वच्छ त्वचाच मिळत नाही, तेव्हा रक्ताची तपासणी सोयीची. ज्या मुलाला माइटची ॲलर्जीच नाही, त्याच्या गादीला कितीही भारी खोळ चढवली तरी उपयोग शून्य.

कापड

घट्ट विणीचं मायक्रोफायबर ही आमची पहिली पसंती. अतिशय बारीक पॉलिस्टर किंवा नायलॉनचे धागे इतके दाट विणलेले असतात की वरून काही लेप लावायची गरजच पडत नाही. हवा आणि घामाची वाफ पार होते, गोळ्या अडतात. हाताला नेहमीच्या चादरीसारखं लागतं, कुशीवर वळताना आवाज करत नाही आणि गरम पाण्याच्या धुण्याला वर्षानुवर्षं टिकतं. लेबलवर बघायचा आकडा एकच, छिद्राचा आकार. १० मायक्रॉन किंवा त्याहून कमी असेल तर माइटचं ॲलर्जन अडतं. घरात मांजर असेल तर ६ मायक्रॉन किंवा कमी बघावं, कारण मांजराचं ॲलर्जन बरंच बारीक कणांवर बसलेलं असतं. हा आकडा ‘सरासरी’ छिद्राचा आहे की ‘कमाल’ छिद्राचा, ते मात्र नीट वाचावं. सरासरी ५ मायक्रॉन लिहिलेल्या कापडात काही छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी असू शकतात, आणि गोळी बाहेर पडते ती त्याच मोठ्या छिद्रातून. आकडाच दिला नसेल, नुसतं ‘उच्च थ्रेड काउंट’ किंवा ‘दाट विणीचं सुती’ लिहिलं असेल, तर ती चादर समजावी, माइट-प्रूफ खोळ नव्हे. थ्रेड काउंटवरून, म्हणजे ठरावीक जागेतल्या धाग्यांच्या संख्येवरून, छिद्राचा आकार कळत नाही. या कापडाचा एकच दोष: नख, वेल्क्रो किंवा खेळण्याचा टोकदार भाग अडकला की धागा ओढला जातो आणि तिथे विण उघडते. त्यावर साधी चादर घातली की प्रश्न मिटतो.

दुसरा प्रकार लॅमिनेटेड. वर सुती किंवा टेरीचं कापड आणि खालच्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. नवं असताना हे कणांना पूर्ण अडवतं, शिवाय पाणीही. अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलासाठी म्हणूनच हाच प्रकार घ्यावा, कारण भिजलेली गादी आतून वाळायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात तिच्यात बुरशी धरते. बिघाड होतो तो पापुद्र्याचा. जास्त तापलेला ड्रायर, ब्लीच आणि इस्त्री ही तीन कारणं. आधी बारीक बुडबुडे दिसतात, मग पांढरे पापुद्रे सुटून मशीनच्या जाळीत अडकतात. दर धुण्यानंतर कापड उजेडासमोर धरावं. एखाद्या जागी उजेड जास्त लख्ख आला तर तिथला पापुद्रा गेला. लेबलवर लिहिलेल्या तापमानाच्या वर याला कधीही जाऊ देऊ नये, आणि कपडे मऊ करणारं फॅब्रिक सॉफ्टनरही घालू नये.

याच कापडाची एक फसवी आवृत्ती असते: फक्त वरची बाजू झाकणारी, कडेला इलॅस्टिक असलेली, चादरीसारखी चढणारी. पाण्यासाठी ती उत्तम, पण माइटसाठी अगदीच अपुरी. मूल गादीवर बसलं की आतली हवा दाबली जाते आणि उघड्या खालच्या बाजूने व कडांनी बाहेर पडते, आपल्याबरोबर गोळ्या घेऊन. बंद सहा बाजू, हीच व्याख्या.

तिसरा प्रकार प्लास्टिकचा, म्हणजे विनाइलचा. कण अडवण्यात कुणाला हार जाणार नाही. पण वाफही बाहेर जात नाही, मूल घामाने भिजतं, आणि एक्झिमा असलेल्या मुलाची खाज उष्णतेने वाढते. कुशीवर वळलं की कचकच आवाज. कोपऱ्यावर घडी पडते तिथे काही महिन्यांत तडा जातो. त्याच खोलीत क्वचित वापरली जाणारी एखादी जादा गादी असेल तर तिच्यासाठी ठीक. रोजच्या झोपेसाठी नको.

चौथा, नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू एकमेकांवर दाबून केलेलं कागदासारखं मऊ कापड. स्वस्त म्हणून सर्वात जास्त खपतं, आणि आमचा सर्वात ठाम नकार यालाच. तंतूंच्या थरांमध्ये जाडी असते, त्या जाडीत त्वचेचे कण अडकतात, आणि माइट वरूनच त्यात शिरून वस्ती करतात. हे प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत दिसून आलं आहे. विणलेल्या कापडावर तोच माइट वरच्या वर राहतो आणि पुसला जातो. शिवाय चार-सहा धुण्यांत याला गोळे येतात आणि ते विरतं.

‘माइट मारणारं रसायन लावलेलं’ असा शिक्का काही खोळींवर असतो. विण नीट असेल तर त्या रसायनाची गरज नाही, विण सैल असेल तर रसायनाने ती घट्ट होत नाही. मुलाची त्वचा रात्रभर जिथे टेकते तिथे ते नसलेलंच बरं.

शिलाई आणि चेन

कापड निर्दोष असलेली खोळसुद्धा इथे नापास होते. शिवणयंत्राची सुई मिलिमीटरच्या आसपास जाडीचं भोक पाडते. १० मायक्रॉनच्या कापडात असं भोक म्हणजे शंभरपट मोठं दार. दोऱ्याने ते बरंचसं भरतं, पूर्ण नाही. म्हणून शिलाई दुमडून आतून पट्टी लावलेली, किंवा उष्णतेने चिकटवलेली हवी. खोळ उलटी करून आतली कड बघावी: कापडाची कच्ची कड आणि एकच ओळ टाके दिसले तर परत करावी.

चेन बारीक दातांची असावी आणि तिच्या मागे कापडाची पट्टी शिवलेली असावी. सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे चेन जिथे संपते ते टोक. रनर कितीही ओढला तरी तिथे काही मिलिमीटरची फट राहते. चांगल्या खोळीत त्या टोकावर वेल्क्रोचा किंवा शिवलेला खिसा असतो, रनर त्यात जाऊन बसतो. नसेल तर कापडी चिकटपट्टीचा ५ सेंटिमीटरचा तुकडा तिथे लावावा आणि खोळ धुतली की बदलावा. पट्टी लावल्याने आणखी एक फायदा: लहान मुलं चेन उघडून आत वस्तू लपवत नाहीत.

घरच्या घरी करण्यासारखी एक ढोबळ परीक्षा आहे. कॉर्नफ्लोअरचे दाणे साधारण ५ ते २५ मायक्रॉनचे, म्हणजे माइटच्या गोळीच्या जवळपास. उशीच्या नव्या खोळीच्या एका कोपऱ्यात दोन चमचे कोरडं कॉर्नफ्लोअर घालावं, चेन बंद करावी, काळ्या कापडावर धरून तो कोपरा, शिलाई आणि चेनचं टोक वीसेक वेळा हाताने थोपटावं. कापडावर पांढरी रेघ उमटली तर गळती शिलाईतून आहे, एका जागी ठिपका पडला तर चेनच्या टोकातून, आणि सगळीकडे धुरळा दिसला तर कापडच सैल. हे काम मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवून करावं आणि नंतर खोळ धुवावी. या परीक्षेत पास म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, कारण ओलाव्याने दाण्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या अडकतात; पण नापास म्हणजे नक्की नापास.

माप घेणं आणि चढवणं

गादीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजावी. जाडी बहुतेक जण विसरतात. खोळ प्रत्येक बाजूला फार तर एक-दोन सेंटिमीटर मोठी असावी. घट्ट झाली तर कोपऱ्यावरची शिलाई उसवते आणि चेनचे दात सुटतात, सैल झाली तर सुरकुत्या पडून मुलाच्या अंगाखाली टोचतात. जाड गादीसाठी तीन बाजूंनी उघडणारी चेन घ्यावी. एकाच बाजूला चेन असेल तर दोघांनी मिळून गादी उभी करून खोळ वरून खाली सरकवावी. एकट्याने ओढाताण केली की पहिल्याच दिवशी फाटते.

चढवण्याआधी गादी पूर्ण कोरडी हवी, हे सगळ्यात महत्त्वाचं. दमट गादी बंद केली तर आत बुरशी वाढते आणि एका ॲलर्जीच्या जागी दोन होतात. वरची, खालची आणि कडेची बाजू व्हॅक्यूमने सावकाश ओढून घ्यावी, मग दोन्ही बाजूंना चांगलं कडक ऊन किंवा पंख्याचा वारा द्यावा. उन्हाकडून अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. पातळ सतरंजी किंवा गालिचा कडक उन्हात काही तास पसरला तर त्यातले माइट मरतात, कारण तो आरपार तापतो आणि सुकतो. जाड गादीचा पृष्ठभाग तापतो, गाभा तापत नाही, आणि माइट आत सरकतात. म्हणजे ऊन हे खोळ चढवण्याआधीची तयारी आहे, खोळीला पर्याय नव्हे. हे सगळं चालू असताना मूल घराबाहेर किंवा निदान दुसऱ्या खोलीत, करणाऱ्याच्या नाकावर मास्क, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी मुलाला खोलीत आणू नये. उडालेल्या गोळ्या जड असतात, तेवढ्या वेळात बहुतेक खाली बसतात.

फोम, स्प्रिंग, लॅटेक्स, काथ्या, गादी कशाचीही असो, खोळ लागतेच. ‘ॲलर्जी-मुक्त फोम’ म्हणून विकलेली नवी गादीही काही महिन्यांत वसते. त्वचेचे कण आणि घाम तिच्यावरही तितकेच पडतात.

उशी गादीइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची, कारण मुलाचं नाक रात्रभर तिच्यात रुतलेलं असतं. पिसांची उशी ॲलर्जीला वाईट आणि सिंथेटिक चांगली, असा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्ष मोजणीत सिंथेटिक उशांमध्ये माइटचं ॲलर्जन जास्त सापडलं आहे. पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून पिसांच्या उशीचं कापड मुळातच घट्ट विणलेलं असतं, सिंथेटिकचं तसं नसतं. थोडक्यात, भरण कशाची यापेक्षा कापड कसलं हे बघा. जुनी उशी असेल तर तिला खोळ घालत बसू नये, नवी उशी घेऊन पहिल्या दिवसापासून खोळीत ठेवावी.

जाड दुलईला खोळ मिळते, पण ती जड होते आणि मुलं लाथाडतात. दर आठवड्याला मशीनमध्ये मावेल असं पातळ पांघरूण घेतलं तर ही खरेदी वाचते. मुलाच्या खोलीत दुसरा पलंग असेल, वरचा-खालचा बंक बेड असेल, किंवा मूल रात्री उठून आईबाबांच्या अंथरुणात शिरत असेल, तर त्या गाद्यांनाही खोळ हवी. खोळीचा उपयोग झाला नाही अशी तक्रार येते तेव्हा चौकशीत बरेचदा हेच निघतं.

वर्षाच्या आतल्या बाळासाठी वेगळा नियम: झोपण्याचा पृष्ठभाग टणक आणि खोळ अगदी ताठ बसलेली हवी, सैल प्लास्टिक जवळपास नको, उशी आणि मऊ खेळणी तर पाळण्यात मुळीच नकोत.

खोळीवरचं धुणं

खोळ रोज धुवायची वस्तू नाही. ओल्या फडक्याने महिन्यातून एक-दोनदा पुसावी, आणि लेबल सांगेल तसं काही महिन्यांतून एकदा धुवावी. आठवड्याला धुवायचं ते तिच्यावरची चादर, अभ्रा आणि पांघरूण. पाणी ५५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर सगळे माइट मरतात, म्हणून मशीनवर ६० अंशांचा प्रोग्रॅम निवडावा. ४० अंशांवर साबणाने गोळ्या बऱ्याच निघून जातात, पण जिवंत माइट धाग्यांना धरून राहतात आणि पुन्हा कामाला लागतात. गरम धुणं चालत नसेल अशा कपड्यांसाठी ड्रायरची पूर्ण गरम फेरी. साबण जास्त घालून तापमानाची कसर भरून निघत नाही, आणि नीट न खंगाळलेला साबण एक्झिमाच्या त्वचेला चुरचुरतो. पांघरूण आधी झटकून मग धुवायला नेऊ नये. गुंडाळून थेट मशीनमध्ये टाकावं.

मऊ खेळण्यांपैकी एक-दोन पलंगावर ठेवावीत, बाकीची झाकणाच्या डब्यात. गरम पाण्यात धुता येत नाहीत ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या आसपासच्या फ्रीझरमध्ये किमान २४ तास. भरगच्च खेळणं असेल तर दोन दिवस, कारण आतपर्यंत थंडी पोहोचायला वेळ लागतो. थंडीने माइट मरतात, गोळ्या तशाच राहतात, म्हणून नंतर थंड पाण्यात धुणं किंवा निदान घराबाहेर नीट झटकणं हवं.

याने खरंच फरक पडतो का

इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दम्याच्या ११२२ प्रौढ रुग्णांना खऱ्या किंवा नकली खोळी दिल्या आणि दम्यात फरक दिसला नाही. नुसती खोळ चढवून बाकी काहीच न बदलणाऱ्या मोठ्या माणसाने फार आशा ठेवू नये. मुलांचं चित्र वेगळं आहे. इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या, दमा बळावून हॉस्पिटलमध्ये आलेल्या २८४ मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या खोळी मिळालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २९ टक्के मुलांना दमा बळावून पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागलं, नकली खोळीच्या गटात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. मात्र दम्यासाठी पोटात स्टेरॉइड घ्यावं लागण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. अमेरिकेतल्या शहरांमधल्या ९३७ मुलांच्या २००४ च्या अभ्यासात खोळ, व्हॅक्यूम, धूर आणि झुरळांचा बंदोबस्त असं सगळं एकत्र केलं. दोन आठवड्यांतले त्रासाचे दिवस तुलनेच्या गटात सरासरी ४.२ होते, तर या मुलांमध्ये ३.४ इतके राहिले. अमेरिकेच्या २०२० च्या दमा-मार्गदर्शक सूचनांचा सूरही तोच आहे: एकच उपाय नको, ॲलर्जी सिद्ध झालेली असेल तर खोळींसह अनेक उपाय एकत्र.

म्हणून आमची शिफारस खोळ, गरम धुणं आणि कोरडी हवा या तिन्हींची मिळून आहे. तिन्ही करायची तयारी नसेल तर खोळीवर मोठा खर्च करू नका.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, ही खोळीनंतरची सर्वात शहाणी खरेदी. आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट सुकून मरतात. ७० ते ८० टक्के म्हणजे त्यांची चंगळ. ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा, कारण रोज काही तास हवा दमट झाली तरी ते तग धरतात. काटा पलंगाच्या उंचीवर, भिंतीपासून दूर ठेवावा. बंद खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी उपयोगी. पाण्यावर चालणारा कूलर आणि ह्युमिडिफायर नेमकं उलटं काम करतात. बंद नाक मोकळं व्हावं म्हणून मुलाच्या खोलीत रात्रभर वाफ सोडणारं यंत्र लावणं म्हणजे माइटना पाणी घालणं. कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत, आणि सकाळी उठल्या उठल्या अंथरूण झाकून टाकू नये. पांघरूण मागे सारून तासभर उघडं ठेवलं की रात्रीचा घाम उडून जातो. बाराही महिने दमट असणाऱ्या प्रदेशात ५० टक्के गाठणं जमत नाही. तिथे खोळीचं महत्त्व आणखी वाढतं.

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचाच तर एच१३ दर्जाचा हेपा फिल्टर (अतिशय बारीक धूळ अडवणारी गाळणी) आणि हवा कुठूनही न गळणारी बॉडी असलेला, शक्यतो पिशवीचा. साधा व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून बारीक धूळ खोलीभर उडवतो. चांगल्या व्हॅक्यूमलाही जिवंत माइट ओढता येत नाहीत. त्यांच्या पायांना धाग्यावर घट्ट पकड घेणाऱ्या गाद्या असतात. गालिचा काढून टाकून फरशी ओल्या फडक्याने पुसणं यापेक्षा सरस.

अल्ट्राव्हायोलेट दिवा असलेलं, हाताने गादीवर फिरवायचं यंत्र: नको. तो प्रकाश कापडाच्या आत शिरत नाही आणि एका जागी क्षणभरही टिकत नाही. डब्यात जमा झालेली पांढरी भुकटी बघून लोक चकित होतात; ती बहुतेक त्वचा, धागे आणि धूळ असते, आणि गाभ्यातले माइट जागच्या जागी.

फवाऱ्यांपैकी बेंझिल बेंझोएट माइट मारतं, विष्ठा ठेवतं. टॅनिक ॲसिड विष्ठेतलं प्रथिन मोडतं, माइट मारत नाही, परिणाम काही आठवड्यांपुरता, आणि फिकट कापडावर पिवळसर-तपकिरी डाग. परमेथ्रिनचा फवारा मांजर असलेल्या घरात तर अजिबात नको, मांजराला ते विषारी आहे. वाफेचं यंत्र माइट मारतं, पण ओलावा मागे ठेवतं. गादीवर वापरू नये.

एअर प्युरिफायर माइटसाठी निराशाजनक. गोळ्या हवेत तरंगतच नाहीत, अंथरूण हललं की उडतात आणि लगेच बसतात. यंत्र कोपऱ्यात फिरत राहतं आणि मूल उशीत श्वास घेत राहतं. मांजर किंवा परागकणांच्या ॲलर्जीत त्याचा उपयोग होऊ शकतो. हवेतल्या धुळीला विद्युतभार देऊन खाली बसवणारा आयोनायझर ओझोन वायू सोडत असेल तर दमेकरी मुलाच्या खोलीत तो नकोच.

किती दिवसांत कळतं

खोळ आणि धुणं सुरू केल्यापासून निदान तीन महिने धीर धरावा. आधी सकाळच्या शिंका कमी होतात, मग रात्रीची झोप सुधारते. दम्याचा आणि एक्झिमाचा फरक त्याहून सावकाश. या काळात इनहेलर किंवा नाकातला स्प्रे स्वतःच्या मनाने कमी करू नये, बरं वाटायला लागलं तरी. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी. तीन महिन्यांनी काहीच बदल नसेल तर या क्रमाने तपासावं: चेनचं टोक, मूल झोपतं त्या दुसऱ्या गाद्या, धुण्याच्या पाण्याचं खरं तापमान (बऱ्याच मशीनवरचा ६० चा आकडा प्रत्यक्षात गाठला जात नाही, ड्रममधून काढलेलं कापड हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे), हायग्रोमीटरचा काटा. हे सगळं ठीक असूनही त्रास तसाच असेल तर ॲलर्जी-तज्ज्ञांकडे इम्युनोथेरपीचा, म्हणजे ॲलर्जनचे थोडे थोडे डोस देऊन शरीराला त्याची सवय लावण्याच्या उपचाराचा विषय काढावा. माइटसाठी ती इंजेक्शनने किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांनी देतात आणि तिचा कोर्स साधारण तीन वर्षांचा असतो.

घट्ट विणीची खोळ नीट वापरली तर अनेक वर्षं जाते. ती बदलायची वेळ सांगणाऱ्या खुणा अशा: कोपऱ्यावर विण विरळ होऊन उजेड दिसणं, चेनचे दात मध्येच सुटणं, शिलाईच्या कडेने धागे निघणं. छोटं भोक सुई-दोऱ्याने शिवू नये, त्याने आणखी भोकं पडतात. आतून इस्त्रीने चिकटणारा पॅच लावावा, आणि लॅमिनेटेड कापडाला पॅचही न लावता खोळच बदलावी.